गाडीचा खांदा

कोसमटोल्याच्या हेमराज सरांचे राग वेचायला बसलं, तर मोहफुलांच्या दिवसांतल्या टोपल्याही पुरायच्या नाहीत. त्यातला सगळ्यात जुना, चांगला मुरलेला राग होता तो घरासमोरच्या सिमेंट रस्त्यावर. हा रस्ता दर पाच वर्षांनी नवा होतो. जुना कोणी उखडत नाही, भाकरीवर भाकरी ठेवावी तसा त्याच्यावरच नवा थापतात. सरांच्या लग्नात अंगण आणि रस्ता एका पातळीत होते. आता अंगण दीड हात खाली गेलंय आणि पाहुणा सरांच्या घरी येत नाही, उतरतो. सरांनी याविरुद्ध तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, ते दुसऱ्याच गावच्या गटाराबद्दल होतं. तिसऱ्यानंतर रस्ता आणखी चार बोटं वर आला.

अशा या खोलगट अंगणात, मार्कंड्याच्या यात्रेच्या आदल्या दिवशी, सरांनी एक चालती पिकअप उतरवून घेतली. चालती म्हणजे धक्क्याने चालती, पण चालती. हे वाक्य गावाने त्यांना पुढे इतक्या वेळा ऐकवलं, की आता ते कोणी म्हणायला लागलं की सर उठून नळ बंद आहे का ते बघायला जातात.

पिकअप तशी सरांची नव्हतीच. ती होती त्यांच्या बायकोची, ललिताची. सर तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि ललिता गाडी चालवायची. सरांना गती, त्वरण आणि घर्षण यांची पूर्ण माहिती असल्यामुळे क्लचवर त्यांचा पाय थरथरे. ललिताला यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून ती तालुक्याच्या बाजारातून, म्हशींच्या कळपातून आणि पावसाळ्यातल्या नाल्यातून गाडी आरामात काढायची. तिचा अकरा बायांचा गट होता. सुपं, टोपल्या, परड्या, धान ठेवायच्या ढोल्या, सगळं बांबूचं. त्यात सगळ्यात बारीक विणीचा हात सोमारीचा. ती जंगलालगतच्या छोट्या वस्तीवरून, टोल्यावरून यायची आणि तिच्या बोटांना बांबूची धार इतकी ओळखायची, की आता कापत नव्हती.

या गटाला गेली तीन वर्षं यात्रेत जागा मिळे ती पाळण्यांच्या मागे. तिथे फक्त हरवलेली माणसं यायची आणि हरवलेली माणसं सूप विकत घेत नाहीत. यंदा मात्र यादीत नाव वर आलं. वैनगंगेत आंघोळ करून देवळाकडे येणाऱ्या वाटेवरची, वळणावरची जागा. ओल्या पायाने येणारी प्रत्येक बाई तिथून जाणार. तीन महिने अकरा बायांनी विणलं. अट एकच होती, की आदल्या दिवशी चार वाजेपर्यंत माल जागेवर उतरला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. पुढचं नाव प्लॅस्टिकच्या बादल्यांचं होतं.

तुम्ही म्हणाल, मग दुसरी गाडी करायची. हे सरांनाही सुचलं होतं. पण यात्रेत गाडी आत सोडायचा पास असतो आणि पासावर गाडीचा क्रमांक असतो. जागा वाटणाऱ्या कार्यालयाने या पासावर तीनच्या जागी आठ लिहिला होता. सर दुरुस्तीला गेले. तिथल्या माणसाने सांगितलं, की आमच्या वहीत आठ आहे, म्हणजे गाडीवरच चुकून तीन पडला असेल. सर दुसऱ्यांदा गेले. तेव्हा त्यांच्याकडून, सदर तीन हा आठ नसून पूर्वीपासून तीनच आहे, असं प्रतिज्ञापत्र घेण्यात आलं. ते करताना सरांच्या कानशिलावरची शीर जी उडायला लागली, ती दोन दिवस उडत होती. आता गाडी बदलायची म्हणजे पुन्हा त्याच टेबलासमोर उभं राहायचं. आणि ते टेबल तर परवापासूनच यात्रेला गेलं होतं.

गाडीचं दुखणं महिन्याभराचं होतं. किल्ली फिरवली की आतून नुसता टक् असा आवाज येई आणि पुढे शांतता. दिवे लागत, हॉर्न वाजे, फक्त इंजिन फिरत नसे. म्हणून ती आता गोठ्याऐवजी वर रस्त्यावरच उभी असे. रोज सकाळी चारजणांनी ढकलायची, मग ती खोकत खोकत सुरू व्हायची. ज्याने ढकलली तो आपोआप मागे चढून बसे. बाजाराच्या दिवशी तर लोक ढकलायला नंबर लावू लागले. ललिता यावर हसायची. सर चिडायचे.

बसथांब्याजवळच्या पोचू मिस्त्रीने गाडी न बघताच सांगितलं, की सेल्फ गेला असेल, पण यात्रेच्या गाड्यांची गर्दी आहे, चार दिवस ठेवून जा. सर म्हणाले, की चार दिवस कशाला, सेल्फ म्हणजे इंजिन फिरवणारी एक साधी मोटार, तिचं तत्त्व मी गेली एकोणीस वर्षं बारावीला शिकवतोय. पोचूने हातातला पाना खाली ठेवला नाही की डोकं वर केलं नाही. चहाच्या टपरीवरच्या सात-आठ माणसांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "सर, मोटर शिकवनं अलग अन् मोटर बसवनं अलग."

झालं. सरांनी त्याच संध्याकाळी नवा सेल्फ मागवला आणि घरी जाहीर केलं, की यात्रेच्या आदल्या दिवशी, सकाळी, अंगणात, एका तासात, आपण स्वतः तो बसवणार. ललिताने फक्त एवढंच विचारलं, की अंगणातच काऊन, रस्त्यावर काऊन नाई. सर म्हणाले, की रस्त्यावर लोक सल्ले द्यायला जमतात.

सकाळी सात वाजता गाडी खडीच्या उतारावरून सुळकन अंगणात उतरली. सरांनी जुनी पँट घातली, पोतं अंथरलं आणि हरियाणातल्या एका मिस्त्रीचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर लावून चाकाला टेकवून ठेवला. त्या व्हिडिओत मिस्त्री हसत हसत सांगतो, की दोन बोल्ट, दोन वायरी, बस्स. त्या माणसाबद्दल सरांच्या मनात आज जे आहे ते छापण्यासारखं नाही.

सल्ले मात्र अंगणातही उतरलेच. शेजारचे पत्रूभाऊ अठ्ठावीस वर्षं एस.टी. चालवून निवृत्त झालेले. ते आपली खाट उचलून घेऊन आले आणि गाडीच्या नाकासमोर टाकून बसले. त्यांचं प्रत्येक वाक्य डेपोपासून सुरू होई. त्यांच्या डेपोत म्हणे सेल्फ बदलत नसत, त्याला पान्याने तीनदा ठोकत. दोनदा ठोकला तर उपयोग नाही आणि चारदा ठोकला तर फुटतो. सर म्हणाले, की याला शास्त्रीय आधार नाही. पत्रूभाऊ म्हणाले, की गाडीले कुठी मालूम आहे.

खालचा बोल्ट निघाला. वरचा बोल्ट अशा जागी होता, की तिथे पोचायला माणसाला कोपरानंतर आणखी एक कोपर हवं. सरांनी डाव्या हाताने प्रयत्न केला, उजव्या हाताने केला. चुंबकीय क्षेत्राची दिशा सांगायला मुलांसमोर बोटं ताणायचे तशी बोटं ताणून पाहिली. तासाभराने बोल्ट सुटला आणि सरांना कल्पना न देता जुना सेल्फही सुटला, तो थेट त्यांच्या छातीवर आला. सरांच्या तोंडून आईचं नाव निघालं. त्यांची आई गिरजाबाई स्वयंपाकघरातून आली आली म्हणत चहा घेऊन आल्या आणि गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांजवळ कप ठेवून गेल्या.

नवा सेल्फ वर चढवला. वायरीचा छोटा पितळी नट सरांनी पोत्यावर ठेवला होता, तो कोंबडीने उचलला. कोंबडीची यात काही चूक नाही, चमकतं ते दाणा, एवढंच तिचं शिक्षण. पण ती जी निघाली ती तुळशीला वळसा घालून गोठ्यात, गोठ्यातून न्हाणीत. पत्रूभाऊंचं म्हणणं पडलं, की थांबा, संध्याकाळपर्यंत निघेल. इतक्यात गटाच्या बाया डोक्यावर टोपल्यांच्या उतरंडी घेऊन अंगणात उतरत होत्या. त्यांना वाटलं, कोंबडी यात्रेसाठी धरायची आहे, म्हणून त्यांनी ती धरली. नट सापडला. कोंबडी कापायची की नाही यावर थोडा वेळ चर्चा झाली.

साडेअकरा वाजले होते. बाया माल भरू लागल्या. सूप सुपावर, परडी परडीत, आणि वर सोमारीची ती बारीक विणीची टोपली, जिच्यातून ऊन खाली सांडलं तर चाळून पडेल. ललिता पासाचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून उभी होती. 

सरांनी शेवटचा नट आवळला, बॅटरी जोडली, हात पुसले आणि किल्ली ललिताच्या हातात दिली. ललिताने किल्ली फिरवली.

टक्.

तोच टक्. नव्या कोऱ्या सेल्फचा, डबा फोडून दोन तास न झालेला टक्. सरांनी पुन्हा फिरवायला सांगितलं. पुन्हा टक्. मग ते रागावले. आधी कंपनीवर, मग हरियाणावर, मग ज्या कारखान्याने तो वरचा बोल्ट तिथे ठेवला त्याच्यावर. शेवटी साक्षात विद्युतधारेवर, कारण एकोणीस वर्षं आपण हिच्याबद्दल चांगलं बोललो आणि तिने असे पांग फेडले. पत्रूभाऊ खाटेवरून उठले, पाना घेतला आणि नव्या सेल्फला तीनदा ठोकलं. मोजून तीनदा. टक्.

मग एकच उपाय उरला, जुनाच. धक्का. पण अंगण खाली, रस्ता वर आणि मधे खडीचा उतार, जो आता उतार नव्हता, चढ होता. माल उतरवला. अकरा बाया आणि पत्रूभाऊ मागे लागले. सरांनी सर्वांचं बल एकाच क्षणी एकाच दिशेला लागावं म्हणून बाजूला उभं राहून एक, दोन, तीन म्हणायला सुरुवात केली.

सोमारी म्हणाली, "सर, तुमी मोजनं सोडा अन् हात लावा."

सरांनी हात लावला. गाडी निम्म्या चढावर गेली, तिथे तिने क्षणभर विचार केला आणि परत आली. येताना धुण्याचा दगड उलथला आणि मागच्या बाजूने पाण्याच्या टाकीला अशी टेकली, की टाकीतून बारीक धार लागली. दुसऱ्यांदा तेवढीही चढली नाही.

गावात ट्रॅक्टर दोन. एक धानाच्या गिरणीवर गेलेला, दुसऱ्याचा मालक किल्ली खिशात घालून कालच मार्कंड्याला गेलेला. ओढायला बैलजोडी आणावी असं कोणी तरी म्हणालं. गावात जोडी एकच उरली होती, तीही शंकरपटाच्या शर्यतीची. तिच्या मालकाकडून निरोप आला, की माझे बैल पळतात, ओढत नाहीत. सरांचा आयुष्यात बैलाकडून तेवढा अपमान व्हायचा राहिला होता.

एक वाजला. निघायची वेळ ठरली होती ती हीच. बाया ओसरीच्या सावलीत बसल्या, मालाकडे पाठ करून. सोमारीने एका टोपलीची सुटलेली काडी दाताने ओढून पुन्हा आत घातली. ती टोपली नीट होती, काडीही फारशी सुटलेली नव्हती. हाताला काही तरी हवं म्हणून. ते पाहून सर घरामागे गेले आणि कडुनिंबाला टेकून उभे राहिले. तिथे मात्र ते कोणावर रागावले नाहीत.

ते परत आले तेव्हा अंगणात पोचू उभा होता. ललिताने त्याला फोन केला होता, सरांना न विचारता. सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पोचू गाडीखाली गेला, नव्या सेल्फला हात लावून पाहिला आणि म्हणाला, की बसवला मात्र बरोबर आहे. मग त्याने बॉनेट उघडलं, पिशवीतून हातभर जाड वायर काढली, एक टोक बॅटरीच्या उणे खुंटीला आणि दुसरं इंजिनच्या अंगाला लावून धरलं आणि ललिताला मान हलवली.

गाडी गरजली. पहिल्या झटक्यात, महिनाभर साठवलेल्या आवाजात. कोंबडी पुन्हा गोठ्यात गेली.

बाया उभ्या राहिल्या होत्या, पण पोचूने गाडी बंद करायला सांगितली. म्हणाला, की सेल्फ चांगला आहे, जुनाही चांगलाच असेल, परत येनारी वाटच बंद आहे. म्हणजे वीज बॅटरीतून जाते, पण गाडीच्या लोखंडातून परत यायला जी जाड काळी वायर असते तिचा सांधा धरत नाही. थोडी वीज जाते म्हणून दिवे लागतात, सेल्फ ओढायला लागते तेवढी जात नाही. हे तो सांगत असताना सरांचे कान तापत गेले. सराव परीक्षेत त्यांनी हाच प्रश्न घातला होता, चार गुणांसाठी. वर्गातल्या तिघांना तो आला होता.

पोचूने त्या सांध्याचा बोल्ट सोडला, वायर बाजूला केली आणि थांबला. लोखंडावर आणि वायरीच्या कडीखाली एक पिवळट काळा थर होता, नखाएवढा जाड, वाळून डिंकासारखा झालेला. त्याने नखाने खरवडलं, नाकाशी नेलं, पुन्हा नेलं.

"हे काय लावलं इथी? कोनं लावलं?"

सरांनी वाकून वास घेतला आणि त्यांना सगळं एकदम कळलं. हळद आणि तूप.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्याने जू वाहिलं, त्या खांद्याला संध्याकाळी हळद-तूप चोळतात, पळसाच्या पानाने शेकतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सरांच्या वडिलांपर्यंत घरात बैल होते. वडील गेले, मग बैल गेले आणि गोठ्याच्या त्याच छपराखाली पिकअप येऊन उभी राहिली. त्या वर्षी गिरजाबाई हळद-तुपाची वाटी घेऊन संध्याकाळच्या तिच्याभोवती दोनदा फिरल्या. शिंगं नाहीत, वशिंड नाही, डोळे आहेत पण पापण्या नाहीत. ओझं तर वाहते, मग हिचा खांदा कुठे? त्यांनी ललिताला गाडीचं तोंड उघडायला लावलं आणि आत वाकून पाहिलं. एका जागी जाड काळा दोर लोखंडाला आवळून बांधलेला होता. जिथे दोर बांधतात तिथे खांदा. त्यांनी तिथे हळद-तूप चोळलं, पळसाचं पान तव्यावर ऊन करून टेकवलं आणि पिकअपला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन दिलं. अशी पाच वर्षं झाली. चार वर्षं तूप वायरीच्या कडेने राहिलं. गेल्या पोळ्याला मात्र खांदशेकणीच्याच संध्याकाळी बॅटरी बदलायला माणूस आलेला, वायर सुटी पडलेली, खांदा उघडा. गिरजाबाईंनी तो मनसोक्त माखला, त्यावर त्या माणसाने वायर आवळली आणि पावसाळ्याने आणि गंजाने उरलेलं काम केलं.

सगळं अंगण सरांकडे बघत होतं. अर्ज न वाचणारे, तिनाचा आठ करणारे, वरचा बोल्ट तिथे ठेवणारे, सगळे आयुष्यभर नुसते निसटलेच होते. आज पहिल्यांदा सरांच्या रागाला खरा धनी सापडला होता, हाताच्या अंतरावर, पुराव्यासकट. तो स्वयंपाकघराच्या दारात, पदर दातात धरून उभा होता आणि त्याला अजून काही कळलेलं नव्हतं.

सर म्हणाले, "मी लावलं."

पोचूने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी? हरद?"

"गंज धरू नये म्हणून. हळद जंतुनाशक असते."

पत्रूभाऊ खाटेवर उठून बसले. एक बाई हसली, मग दोघी, मग सगळ्या. तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण खांदे हलत होते. पोचूच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला, की तो बसथांब्यापर्यंतच नव्हे, तर सरळ तालुक्याला जाणार हे सरांना दिसलं. बारावीचा निकाल लागेपर्यंत ते जंतुनाशक सर म्हणून ओळखले जाणार होते. त्यांनी ते गिळलं. कडुनिंबाच्या काढ्यासारखं, एका घोटात.

आणि तेवढ्यात गिरजाबाई पुढे आल्या.

"तो कायले लावते," त्या पोचूला म्हणाल्या. "त्याले साधी चुलीत फुक मारता येत नाई. मी लावतो, दरसाल, खांदशेकनीले."

त्यांच्या आवाजात कबुली नव्हती. असलाच तर थोडा हक्क होता, दुसऱ्याने आपलं काम आपल्या नावावर करून घेतलं तर येतो तसा.

हसू थांबलं. कोणी कोणाकडे बघेना. सोमारी उठून बॉनेटपाशी आली, आत वाकली आणि पुष्कळ वेळ बघत राहिली.

"जागा तर बराबर होती, बाई," ती म्हणाली. "दोर बांधला तिथी खांदा. मीबी इथीच लावली असती."

पोचूने चाकूने थर काढला, खरखरीत कागदाने लोखंड घासून चकचकीत केलं. खरवडलेलं तो जमिनीवर झटकणार होता, पण त्याने गिरजाबाईंकडे पाहिलं आणि ते तुळशीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलं. वायर आवळली. ललिताने किल्ली फिरवली आणि गाडी अशी सुरू झाली, जशी काही ती महिनाभर याचीच वाट बघत होती. पावणेदोन वाजले होते. बायांनी माल असा भरला, की भरताना कोणी दिसलं नाही, नुसती सुपं उडताना दिसली.

ललिता गिअर टाकणार, एवढ्यात गिरजाबाई घरातून वाटी घेऊन आल्या. ताजं तूप, ताजी हळद. म्हणाल्या, की आज बिचारीले लय तरास झाला, टाकीवर आपटली, ढकलाढकल झाली, खांदा शेकून देतो. आणि त्या बॉनेटकडे निघाल्या.

पोचूने डोळे मिटले. ललिताने सरांकडे पाहिलं, त्या दिवसात पहिल्यांदा.

"आई," सर म्हणाले, "थांब जरा. तिचा खांदा तिथी नाई."

"तं कुठी आहे?"

सरांनी आईचा हात धरला आणि तिला गाडीच्या मागच्या चाकाशी नेलं. खाली वाकून त्यांनी लोखंडाचे पाटे दाखवले, एकावर एक बसवलेले, मालाच्या वजनाने किंचित दबलेले.

"बैलाचा भार कुठी पडते? जू ठेवलं तिथी. हिचा भार इथी पडते, या पाट्यांवर. सारा माल यानंच उचलला आहे. खांदा हाच."

गिरजाबाईंनी पाट्याला हात लावला, दाबून पाहिलं. पोरगा खोटं बोलतोय का, हे त्या त्याच्या लहानपणापासून त्याच्या कानाच्या पाळीवरून ओळखत. त्यांनी पाळीही बघून घेतली.

"मंग पाच साल मी काय शेकून राह्यली?"

सर म्हणाले, "गुडघा."

"गुडघ्यालेबी लागतेच," गिरजाबाई म्हणाल्या, आणि खाली बसून त्यांनी दोन्ही बाजूचे पाटे चांगले माखले. घाई होती म्हणून पळसाचं पान राहू दिलं. मग उठून त्यांनी पिकअपच्या कडेला हात ठेवला आणि आवतन वगैरे काही न म्हणता, लेकीला सासरी धाडताना हळू, जपून जा म्हणतात तसं म्हणाल्या, "जाय मा, हरू जाय."

गाडी खडीचा चढ एका दमात चढली, रस्त्यावर आली आणि अकरा बाया, त्यांची सुपं आणि धुरळा घेऊन मोहांच्या रांगेमागे दिसेनाशी झाली. पोचूने सरांच्या खांद्यावर हात ठेवला, पाना पिशवीत टाकला आणि गेला.

त्यानंतरचे दोन तास सरांनी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी टाकीची गळती मेणाने बुजवली, धुण्याचा दगड जागेवर बसवला. चाळीस किलोमीटर, मधे दोन फाटे, यात्रेची गर्दी, पोलिसांची रांग. वेग आणि अंतराचं गणित त्यांनी सात वेळा केलं आणि सातही वेळा उत्तर चार वाजून दहा मिनिटं आलं.

फोन आला तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती. मागून भोंग्यांचा, माणसांचा, घंटांचा आवाज येत होता आणि ललिताला ओरडून बोलावं लागत होतं. जागा भेटली, ती म्हणाली. सोमारीनं खुंटा ठोकला. बादल्यावाला टेम्पो घेऊन टपूनच उभा होता, आता परत चालला आहे. गाडी रांगेत तीनदा बंद करावी लागली, तीनदा किल्लीवर सुरू झाली. मग ती म्हणाली, "अजी, जेवले का तुमी?"

सर जेवले नव्हते. त्यांना हे आत्ता आठवलं. ते हात धुवून ओसरीवर आले तेव्हा गिरजाबाई पत्रूभाऊंच्या खाटेजवळ बसल्या होत्या आणि दिवसभराचा सगळा वृत्तांत, जो पत्रूभाऊंनी स्वतः खाटेवर बसून पाहिला होता, त्यांना पहिल्यापासून सांगत होत्या. सर दाराआड थांबले. निदान आज तरी आपल्याबद्दल कोणी बरं बोलतंय, असं त्यांना वाटलं.

"एवढा शिकला," गिरजाबाई म्हणत होत्या, "लोकाइच्या पोराइले मोटरचं शिकवते. पन गाडीचा खांदा कुठी असते, ते त्याले आज समजलं, पत्रूभाऊ. पाच साल माह्या हातानं तिचा गुडघाच शेकवला त्यानं."